हाताखालच्या माणसाला वरचं काम शिकवताना: क्रम, तयारी आणि नेहमीच्या चुका

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत जा, बुटीबोरीत जा, नाहीतर वाडीच्या एखाद्या गोदामात जा. मालक किंवा मॅनेजर पहिल्या चहाला हेच सांगतो, "माणसं आहेत, पण जबाबदारी घेणारा कोणी नाही." त्याच छपराखाली दहा वर्षं हेल्पर म्हणून राबलेला माणूस असतो. कोणती मशीन कधी रुसते हे त्याला आवाजावरून कळतं, पण त्याला कधी कोणी काही विचारलेलं नसतं.

माणसं घडवायची इच्छा बहुतेक ठिकाणी असते. पैसेही खर्च होतात. वर्षातून एकदा हॉटेलचा हॉल घेतला जातो, बाहेरचा वक्ता येतो, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि ग्रुप फोटो निघतो. सोमवारी सगळं पुन्हा पूर्वीसारखं चालू होतं. चूक क्रमात आहे. आधी प्रशिक्षण ठरतं, मग माणूस निवडला जातो आणि शेवटी काम द्यायचं राहूनच जातं. खरं तर सुरुवात कामापासून व्हायला हवी, आणि सगळ्यात आधी तयार करायला हवं ते वरिष्ठाला.

हा लेख साधारण १५ ते १५० माणसांच्या कारखान्यांसाठी, गोदामांसाठी आणि ऑफिसांसाठी आहे. एचआरचा वेगळा विभाग नसला तरी यातलं सगळं करता येतं.

## सुरू करण्याआधीची तयारी

घाई सगळ्यात जास्त इथेच होते, म्हणून या भागावर जरा थांबतो. पुढच्या चार गोष्टी ठरल्याशिवाय कोणालाही "तुला पुढे न्यायचं आहे" असं सांगू नका. सांगून मागे घेतलेला शब्द माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

शिकवणाऱ्याचा वेळ. एका माणसाला वरच्या कामासाठी तयार करायला आठवड्याचे किमान ३ तास लागतात आणि ते कामाच्या वेळेतलेच असावे लागतात. सुपरवायझरकडे आधीच दोन लाईन, डिस्पॅच आणि मालकाचे फोन असतील, तर हे ३ तास आभाळातून पडणार नाहीत. त्याच्याकडचं कोणतं काम कमी करणार ते आधी लिहा. कमी करण्यासारखं काहीच सापडत नसेल, तर कार्यक्रम अजून सुरू करू नका.

शिकवणाऱ्याची भीती. "याला सगळं शिकवलं तर माझं काय?" हा प्रश्न सुपरवायझरच्या मनात असतोच, आणि तो खोटा नाही. जुन्या लोकांनी सेटिंगच्या खुणा स्वतःच्या खिशातल्या डायरीत ठेवल्या, कारण त्या डायरीवर त्यांची नोकरी टिकून होती. त्यामुळे मालकाने समोरासमोर बसून सांगावं लागतं, "हा तयार झाला की तुमच्याकडे अमुक काम येईल." ते अमुक काम खरं असलं पाहिजे. नुसत्या भरवशाच्या शब्दांवर डायरी खिशातून बाहेर येत नाही.

महिने. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडखाली दुपारी तीनला कोणालाही नवीन काही शिकवू नका, कारण डोक्यात काही शिरत नाही आणि अपघात मात्र होतात. उन्हाळ्यात शिकवायचंच असेल तर सकाळचा पहिला तास घ्या. गावाकडे शेती असलेली माणसं पेरणीच्या दिवसांत सुट्टीवर जातात. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तेव्हा शहरातली वाहतूक बदलते आणि अनेकांच्या घरी पाहुणे असतात. डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात हॉटेल, केटरिंग आणि गाड्यांच्या धंद्यातल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. संत्र्याचं ग्रेडिंग-पॅकिंग करणाऱ्यांनी आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांच्या तोडीचे महिने सोडावेत. माझ्या अनुभवात कारखान्यांना जुलैअखेर ते सप्टेंबर हा काळ सोयीचा जातो. ऑफिसच्या कामाला मार्च सोडून कोणताही महिना चालतो.

पगाराचा निर्णय. माणूस वरचं काम करू लागल्यावर त्याला किती वाढ मिळणार आणि कोणत्या तारखेपासून, हे मालकाने आधीच ठरवायचं असतं. "आधी करून दाखव, मग बघू" हे वाक्य तोंडातून निघालं की पुढचे सगळे टप्पे वाया जातात.

> तपासा: शिकवणाऱ्याचे ३ तास, त्याचं पुढचं काम, महिने आणि वाढीची रक्कम या चारही गोष्टी एका कागदावर आल्या का? मालकाने तो कागद वाचून सही केली का?

## टप्पा १: माणूस नव्हे, काम निवडा

"आपल्याकडे होतकरू कोण आहे?" इथून सुरुवात केली की डोळ्यांसमोर तोंडओळखीची चार नावं येतात. त्याऐवजी असं विचारा: कोणता माणूस चार दिवस आला नाही तर आपलं काम अडतं?

कुठे तो मशीन लावून देणारा सेटर असतो, कुठे टॅलीवर बसणारा अकाउंटंट, कुठे ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलणारा डिस्पॅचचा माणूस. सुरुवातीला असं एकच काम घ्या. तीन कामं एकदम घेणाऱ्यांची तिन्ही अर्धवट राहिलेली मी पाहिली आहेत.

आता त्या कामाचे तुकडे पाडा. तो माणूस काम करत असताना दोन दिवस शेजारी उभे राहा आणि त्याचे हात जे करतात ते लिहा. त्याला विचारून लिहाल तर चुकेल, कारण जुन्या माणसाला आपण काय काय करतो हे सगळं सांगता येत नाही. डिस्पॅच सांभाळणारा म्हणेल, "गाडी लावतो, माल भरतो, चलान देतो." शेजारी उभे राहिलात तर दिसेल की गाडी आत घेण्याआधी तो तिचा फाळका आणि ताडपत्री बघतो, जड माल पुढे आणि मध्ये येईल असा क्रम मनात लावतो, ई-वे बिलावरचा (मालासोबत जाणाऱ्या जीएसटीच्या कागदावरचा) गाडी नंबर ताडून पाहतो आणि ड्रायव्हर वाटेत कुठे माल उतरवणार आहे हेही विचारतो. असे १२ ते २० तुकडे निघतात. त्याहून कमी निघाले तर तुम्ही नीट पाहिलं नाही.

## टप्पा २: कौशल्याचा तक्ता भरा, पण विचारून नव्हे, पाहून

मोठ्या कागदावर डावीकडे माणसांची नावं आणि वर कामाचे तुकडे लिहा. प्रत्येक चौकोनात ० ते ४ यांपैकी एक आकडा येईल.

० म्हणजे माहिती नाही. १ म्हणजे पाहिलेलं आहे. २ म्हणजे कोणी सोबत असेल तर करतो. ३ म्हणजे एकटा, वेळेत आणि बरोबर करतो. ४ म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो.

आकडा देण्याआधी ते काम डोळ्यांसमोर करून घ्या. नुसतं विचारलंत तर दोन प्रकारची उत्तरं मिळतात. एक जण मान हलवून म्हणतो, "येते न भाऊ मले, काय त्यात!" आणि दुसरा, ज्याला खरंच येतं, तो खाली बघून म्हणतो, "थोडंफार." फक्त शब्दांवर आकडे दिले तर पहिल्याला ३ मिळतात आणि दुसऱ्याला १. मी स्वतः हे केलं आहे, आणि नंतर तक्ता फाडून पुन्हा भरावा लागला.

३ आणि ४ यांतला फरकही लक्षात ठेवा. हात चांगला चालणं वेगळं आणि दुसऱ्याचा हात चालवता येणं वेगळं.

सावध: तक्ता भिंतीवर लावणार असाल तर तो पगाराशी थेट जोडू नका. आकड्यावर पैसे मिळतात हे कळलं की जो तो आकड्यासाठी भांडतो, आणि "मला हे येत नाही" असं कोणी कबूल करत नाही.

तक्त्यात कंत्राटी माणसं आणि बायका आहेत का हेही बघा. पॅकिंगच्या टेबलावरच्या बायकांची नावं कित्येक तक्त्यांत नसतातच, "त्या पॅकिंगवाल्या" एवढ्यावर विषय संपतो. खरं तर दिवसभर शेकडो पीस त्यांच्या हाताखालून जातात आणि कुठला डाग कोणत्या मशीनचा हे त्यांना कळतं. क्वालिटीसाठी बाहेर माणूस शोधण्याआधी त्या टेबलाजवळ जा.

## टप्पा ३: माणसाशी बोला, ऑर्डर देऊ नका

आता नावं समोर आली. इथे थांबा आणि त्याला हे काम हवं आहे का ते विचारा. प्रत्येकाला सुपरवायझर व्हायचं नसतं. कोणाचे वडील आजारी असतात, कोणी कामठीहून सायकलने येतो आणि त्याला रातपाळी नको असते, कोणाला कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांच्यावर हुकूम चालवायचा नसतो. ही सगळी कारणं रास्त आहेत.

बोलणं केबिनमध्ये नको. केबिनमध्ये बोलावलं की माणूस आधी काय चुकलं याचाच विचार करतो. जेवणाच्या सुट्टीनंतर शेडबाहेर किंवा चहाच्या टपरीवर वीस मिनिटं पुरतात. वयाने मोठ्या माणसाला "अहो दादा" म्हणून सुरुवात करा, तरुण मॅनेजरांनी तर नक्कीच. भाषा त्याची असू द्या. आपल्याकडे मशीनचं पुस्तक इंग्रजीत, सुपरवायझरचं बोलणं हिंदीत, आणि ऑपरेटर काटोलकडचा असेल तर त्याचा विचार वऱ्हाडीत चालतो. छिंदवाड्याहून किंवा बालाघाटहून आलेल्यांशी हिंदीतच बोला. समोरचा माणूस ज्या भाषेत भांडतो, त्याच भाषेत त्याच्याशी मन मोकळं होतं.

मी साधारण हे प्रश्न विचारतो:

"तुमच्या कामातलं असं काय आहे जे तुम्ही ठरवायला हवं, पण दुसराच ठरवतो?"

"गेल्या महिन्यात कोणती गोष्ट बघून वाटलं की हे असं नको होतं?"

"हे काम शिकायचं झालं तर घरी काय अडचण येईल?"

मधला प्रश्न सगळ्यात उपयोगी आहे. ज्याला काही खटकलेलं असतं, त्याचं कामाकडे लक्ष असतं. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि मग दोन महिन्यांनी गैरहजेरी मोजत बसतात.

> तपासा: त्याने "हो" म्हटलं ते साहेबांपुढे नाही म्हणता येत नाही म्हणून, की खरंच? दोन दिवसांनी पुन्हा विचारा. तेव्हा त्याच्याकडून एखादा प्रश्न आला तर होकार खरा आहे.

## टप्पा ४: निवड

माझी सगळ्यात महाग चूक याच टप्प्यावर झाली. हिंगणा भागातल्या एका कारखान्यात मी माणसांचं काम बघत होतो. तिथला सगळ्यात कसलेला सीएनसी ऑपरेटर आम्ही एप्रिलमध्ये लाईन सुपरवायझर केला. वही आणि मोबाईल दिला, नवा शर्ट दिला, बाकी काही नाही. त्याच्या मशीनवर नवा माणूस बसला, तिथलं रिजेक्शन वाढलं. हा बिचारा दिवसभर पोरांची कामं स्वतःच करत फिरायचा, कारण त्याला दुसऱ्याकडून करून घेणं कोणी शिकवलंच नव्हतं. चौथ्या महिन्यात त्याने काम सोडलं. जाताना म्हणाला, "मला माझी मशीनच बरी होती." आम्ही एक उत्तम ऑपरेटर गमावला आणि सुपरवायझरही मिळवला नाही. तो दोष त्याचा नव्हता, निवडणाऱ्यांचा होता, आणि निवडणाऱ्यांत मी होतो.

आजच्या कामात चांगला असणं आणि वरच्या कामाला लायक असणं या दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या असतात. दुसरीसाठी या खुणा बघा. नवीन पोरगा आला की तो कोणाला विचारायला जातो? मशीन बंद पडल्यावर कोण नुसतं मेंटेनन्सची वाट बघतो आणि कोण काय झालं ते लिहून ठेवतो? स्वतःची चूक झाल्यावर कोण आपणहून सांगायला येतो? ही शेवटची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते.

आणि ज्याचे हात सोन्याचे आहेत पण माणसं सांभाळायची नाहीत, त्याच्यासाठी वेगळी वाट करा. मास्टर ऑपरेटर, सिनिअर सेटर असं काहीही नाव द्या, पण पगार सुपरवायझरच्या तोडीचा ठेवा. नाहीतर पगारासाठी तो नको असलेली खुर्ची मागेल.

## टप्पा ५: शिकवण्याची चार पावलं

"याच्यासोबत राहा, बघून शिक" हे शिकवणं नव्हे. बघून वेग दिसतो, कारण दिसत नाही. एका वेळी कामाचा एकच तुकडा घ्या आणि ही चार पावलं याच क्रमाने टाका.

पहिलं, तयार करा. त्याला यातलं आधी काय येतं ते विचारा. उभं राहायची जागा तुमच्याच बाजूला द्या. समोर उभा केला तर त्याला सगळं उलटं दिसतं.

दुसरं, दाखवा, तेही तीनदा. पहिल्यांदा काय करतो ते सांगत करा. दुसऱ्यांदा नेमकी मेख कुठे आहे ते सांगत करा. तिसऱ्यांदा ती का आहे ते सांगत करा.

लेथवरचं उदाहरण घेऊ. बाहेरचा व्यास २५.०० मिलिमीटर हवा आहे. काय: पहिला पीस काढा, मायक्रोमीटरने मोजा, फरकाएवढा ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) द्या. मेख: पहिला पीस मुद्दाम थोडा मोठा राहील असा ऑफसेट देऊन काढा. का: मोजमाप २५.०६ आलं तर अजून ०.०६ काढता येतं, पण २४.९४ आलं तर गेलेलं मटेरियल परत चढत नाही, पीस भंगारात जातो. आतला व्यास असेल तर हेच उलटं, भोक आधी लहान ठेवायचं. हे "का" ज्याला कळलं तो बोअरिंगच्या, म्हणजे भोक कापून मोठं करायच्या वेळी स्वतःच थांबून विचार करतो. ज्याला फक्त "काय" कळलं तो तिथे भोकही मोठंच ठेवतो.

तिसरं, त्याच्याकडून करून घ्या. हात चालत असताना त्याने तोंडाने कारण सांगितलं पाहिजे. गप्प राहून बरोबर केलेलं काम शिकलेलं समजू नका. निदान चार वेळा करून घ्या.

चौथं, मागे सरका. त्याला एकट्याने करू द्या. अडल्यावर कोणाकडे जायचं तो एकच माणूस ठरवून द्या. पहिल्या दिवशी तासातासाने बघा, मग दिवसातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा.

नेहमीची चूक: चौथं पाऊल पहिल्याच दिवशी टाकलं जातं. दुसरी चूक अशी की एकाच दिवसात सगळं उरकलं जातं. सलग आठ तास शिकवण्यापेक्षा रोज अर्धा तास सोळा दिवस शिकवलं तर जास्त टिकतं, कारण काल शिकलेलं आज आठवावं लागतं आणि त्या आठवण्यातच ते पक्कं होतं.

### शिकाऊ उमेदवार असतील तर

आयटीआयची पोरं घेत असाल तर शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ आणि त्याचे नियम लागू होतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, तेही एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के, आणि या मोजणीत कंत्राटी माणसंही येतात. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, उचलतं. करार सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. शिकाऊ सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्यांच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. त्यांना स्वस्तातले हेल्पर समजून लोडिंगला लावलं की ती पोरं वर्ष संपताच जातात, आणि तुम्हाला तयार माणूस मिळायची सोपी वाट बंद होते.

## टप्पा ६: खरं काम द्या, आखलेल्या सीमेत

पाचव्या टप्प्यापर्यंत पोचलेले बरेच जण इथे थांबतात. माणूस शिकतो, पण निर्णय जुनाच माणूस घेत राहतो. सहा महिन्यांनी शिकलेलं गंजतं.

त्या कामातले निर्णय तीन भागांत लिहून काढा: विचारल्याशिवाय घ्यायचे, घेऊन मग कळवायचे, आणि आधी विचारायचे. डिस्पॅच शिकणाऱ्यासाठी ते असे असू शकतात. कोणती गाडी आधी भरायची, कोणत्या पोराला कुठे लावायचं, हे तो स्वतः ठरवेल. गाडी दोन तास उशिरा सोडायची झाली तर तो ठरवेल आणि कळवेल. नवा ट्रान्सपोर्टर घ्यायचा, भाडं वाढवायचं, तर आधी विचारेल. जोडीला एक रक्कम ठरवा, उदाहरणार्थ आठवड्याला ५,००० रुपयांपर्यंतचं नुकसान चालेल. ही रक्कम त्याला स्पष्ट सांगा. शिकायला पैसे लागतात. ते हॉटेलच्या हॉलला देण्यापेक्षा इथे द्या.

सावध: सुरक्षेच्या बाबतीत शिकण्यासाठी चूक चालत नाही. मशीनचं गार्ड काढणं, वीज बंद न करता हात घालणं, न शिकलेल्याला फोर्कलिफ्टवर बसवणं, उंचीवर बेल्टशिवाय चढवणं, या गोष्टी कोणत्याही यादीत येत नाहीत. त्या बंदच.

आता अवघड भाग येतो, वरिष्ठाने हात काढायचा. पहिल्या आठवड्यात काय होतं ते सांगतो. पोरं सवयीने जुन्या सुपरवायझरकडेच धावतात. ग्राहकही त्यालाच फोन लावतो. जुना माणूस चांगल्या मनाने उत्तर देतो, आणि नव्याची किंमत तिथेच शून्य होते. म्हणून जुन्या माणसाचं उत्तर आधीच ठरवून ठेवा, "तो काय म्हणतो? त्यालाच विचारा." माहीत असलेलं उत्तर न देणं जुन्या माणसाला फार जड जातं. मी एका अनुभवी स्टोअरकीपर काकांना या काळात अक्षरशः दुसऱ्या शेडमध्ये बसवलं होतं.

नवा माणूस अडखळताना दिसला की दहा मिनिटं थांबा. घड्याळ लावून थांबा. बहुतेक वेळा त्याचं तो वाट काढतो. ती वाट तुमच्यापेक्षा वेगळी असेल आणि माल वेळेत जाणार असेल, तर बोलू नका.

आणि सगळ्यांसमोर जाहीर करा. हजेरीच्या वेळी, सर्व पाळीसमोर, मालकाने स्वतः सांगावं, "आजपासून डिस्पॅचचं हे काम हे बघतील." कानोकानी पोचलेल्या अधिकाराला कोणी मानत नाही.

> तपासा: जुना माणूस आधी अर्धा दिवस, मग एक दिवस, मग सलग दोन दिवस मुद्दाम सुट्टीवर पाठवा, फोन बंद ठेवून. दोन दिवसांत काय अडलं त्याची यादी करा. पुढच्या महिन्यात शिकवायचं ते नेमकं त्या यादीत आहे.

## टप्पा ७: दर आठवड्याला १५ मिनिटं

वार्षिक मूल्यमापनाने कोणी घडत नाही. मार्चमध्ये बसून ऑगस्टमधली चूक सांगण्यात अर्थ नसतो. ठरलेला वार, ठरलेली वेळ, १५ मिनिटं, उभ्याने चालतील. आधी त्याने बोलायचं, या आठवड्यात काय जमलं, कुठे अडलो, पुढच्या आठवड्यात काय करून बघणार. मग तुम्ही एकच गोष्ट सांगायची. पाच सांगितल्या तर एकही राहत नाही.

चूक सांगताना प्रसंग सांगा, स्वभाव सांगू नका. "तू निष्काळजी आहेस" यावर माणूस फक्त गप्प बसतो. "मंगळवारी दुसऱ्या गाडीच्या चलानवर नग ४८ लिहिले, भरले ४६. मोजणी कोणी केली होती?" यावर तो बोलतो. चारचौघांत तर अजिबात नको. आपल्याकडे मस्करीत टोमणे मारायची सवय आहे, "काय राजेहो, आज साहेब झाले वाटते!" अशी. नव्याने जबाबदारी घेतलेल्याला ते फार लागतं. सोबत्यांना वरिष्ठाने ते थांबवायला सांगावं.

चांगलं झालेलंही तितकंच नेमकं सांगा. नुसतं "छान" म्हटलं तर काय छान ते कळत नाही.

दोन आठवडे ही बैठक रद्द झाली तर तिसऱ्या आठवड्यात ती कोणालाच आठवत नाही. ऑर्डर कितीही असू द्या, पाच मिनिटं तरी घ्या.

## टप्पा ८: शब्द पाळा

ठरलेल्या तारखेला वाढ द्या. नेमणुकीचं पत्र द्या आणि त्यात त्याचे अधिकार लिहा. ते सहाव्या टप्प्यात तुम्ही लिहिलेलेच आहेत. हजेरी रजिस्टर, ओळखपत्र, पगारपत्रक, सगळीकडे पद बदला. ओळखपत्रावर जुनंच "हेल्पर" असेल तर गेटवरचा वॉचमनही त्याला हेल्परच समजतो.

"शिकवलं की पळतात, मग शिकवायचं कशाला?" हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक मालक विचारतो. काही जातात, हे खरं आहे. नागपूरच्या मिहान प्रकल्पात किंवा पुण्याकडे चार पैसे जास्त मिळाले तर तरुण माणूस जाणारच. पण मी ज्यांना जाताना पाहिलं, त्यांतले बरेच शिकले म्हणून गेले नाहीत. शिकल्यावर सहा महिने जुन्याच पगारावर, जुन्याच नावाने ठेवले म्हणून गेले. बाँड लिहून घेऊन, मूळ कागदपत्रं कपाटात ठेवून माणूस अडकवायचा विचार असेल तर तो सोडा. अडकलेला माणूस नव्याला काही शिकवत नाही.

पद दिल्यावर दोन महिन्यांनी नव्या माणसासमोर टप्पा २ चा तक्ता ठेवा. ज्या तुकड्यांत त्याला ३ आहेत, त्यांतला एक त्याने स्वतः निवडायचा आणि खालच्या एका माणसाला शिकवायचा, त्याच चार पावलांनी. शिकवताना तुम्ही शेजारी उभे राहा, बोलू नका. तो "का" सांगायला विसरला तर तेवढंच लिहून घ्या आणि आठवड्याच्या १५ मिनिटांत विचारा.